एकाच सर्व्हरवर अनेक ॲप्स: फाइल पर्मिशन्स नीट कशा लावायच्या?

स्वतःचा ब्लॉग, कॉलेज फेस्टचा नोंदणी फॉर्म आणि एखादा टेलिग्राम बॉट असं सगळं एकाच छोट्या व्हीपीएसवर चालवणारे आता बरेच जण आहेत. पैसे वाचतात आणि शिकायलाही मिळतं. पण एक प्रश्न आधीच विचारून ठेवायला हवा. उद्या ब्लॉगमधल्या एखाद्या जुन्या प्लगइनमधून कोणी आत शिरलं, तर फेस्टसाठी नाव दिलेल्या मुलामुलींचे फोन नंबर त्याच्या हाती लागतील का?

याचं उत्तर बऱ्याच अंशी तुमच्या फाइल पर्मिशन्सवर ठरतं. या लेखात आपण पर्मिशन म्हणजे काय, ७७७ का टाळायचं, आणि तीन ॲप्स एकाच लिनक्स सर्व्हरवर एकमेकांपासून वेगळी कशी ठेवायची हे बघू. उदाहरणासाठी मी उबुंटू, एनजिनएक्स आणि पीएचपी घेतोय. कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत, टर्मिनलमध्ये ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची.

## आधी आपल्या फोनकडे बघा

अँड्रॉइड लिनक्सवरच उभं आहे. फोनमध्ये ॲप इन्स्टॉल झालं की अँड्रॉइड त्याला स्वतःचा एक यूजर नंबर देतं. हे नंबर १०००० पासून पुढे सुरू होतात. प्रत्येक ॲपचं खासगी फोल्डर त्याच नंबरच्या मालकीचं असतं, म्हणून एखादा गेम तुमच्या बँकेच्या ॲपच्या फायली उघडू शकत नाही.

खात्री करायची असेल तर टर्मक्स उघडून 'आयडी' ही दोन अक्षरांची कमांड द्या. यू-शून्य, मग अंडरस्कोर, मग ए आणि पुढे काही आकडे असं नाव दिसेल. तो टर्मक्सचा स्वतःचा यूजर.

म्हणजे फोनमध्ये नियम सरळ आहे: एक ॲप, एक यूजर. सर्व्हरवर मात्र हे आपोआप होत नाही, आपल्यालाच करावं लागतं. सगळा लेख या एका वाक्यावर उभा आहे, असं समजा.

## तीन गट, तीन हक्क

लिनक्समध्ये प्रत्येक फाइलला एक मालक असतो आणि एक ग्रुप असतो. बाकी सगळे 'इतर'. या तिघांना मिळू शकणारे हक्कही तीनच:

- वाचणे: ४
- लिहिणे: २
- चालवणे: १

हक्कांची बेरीज केली की आकडा तयार. ६ म्हणजे वाचणे आणि लिहिणे, ५ म्हणजे वाचणे आणि चालवणे, ७ म्हणजे सगळं. तीन आकड्यांत पहिला मालकाचा, दुसरा ग्रुपचा, तिसरा इतरांचा. मग ६४० चा अर्थ असा: मालक वाचेल आणि लिहील, ग्रुप फक्त वाचेल, इतरांना काहीच नाही.

आकडा बदलायची कमांड सीएचमॉड (स्पेलिंग सी-एच-एम-ओ-डी, म्हणजे 'चेंज मोड'). मालक बदलायची सीएचओन ('चेंज ओनर'). आणि सध्या काय आहे ते बघायला 'एलएस -एल'.

एक बारकावा लक्षात ठेवा. सिस्टीम आधी बघते की तुम्ही मालक आहात का. असाल तर फक्त मालकाचा आकडा लागू होतो, पुढे बघितलंच जात नाही. नसाल तर ग्रुप, आणि त्यातही नसाल तर इतर. त्यामुळे मालकाला ० आणि इतरांना ७ असा उलटा प्रकार कोणी केला, तर मालकालाच फाइल उघडता येणार नाही.

## फोल्डरचे हक्क वेगळे वागतात

इथे खूप जणांचा गोंधळ होतो. फोल्डरवर 'वाचणे' म्हणजे आतल्या नावांची यादी बघता येणे. 'चालवणे' म्हणजे फोल्डरमधून पुढे जाता येणे. आणि 'लिहिणे' म्हणजे आत फाइल तयार करणे, नाव बदलणे किंवा डिलीट करणे. (लिहिण्याचा हक्क चालवण्याच्या हक्काशिवाय काही कामाचा नाही.)

शेवटचा मुद्दा पुन्हा वाचा. फाइल डिलीट करता येते की नाही हे फाइलच्या नाही, तर तिच्या फोल्डरच्या हक्कांवर ठरतं. फाइल कितीही घट्ट बंद करा, फोल्डर सगळ्यांना लिहिण्यासाठी उघडं असेल तर कोणीही ती काढून त्याच नावाची दुसरी ठेवू शकतो.

याला एक नेहमीचा अपवाद म्हणजे 'टीएमपी' हे तात्पुरत्या फायलींचं फोल्डर. त्याचा आकडा १७७७ असतो. पुढचा १ म्हणजे स्टिकी बिट. त्यामुळे तिथे लिहू सगळे शकतात, पण दुसऱ्याची फाइल डिलीट करू शकत नाहीत.

## खरा प्रश्न: ॲप कोण म्हणून चालतंय?

'कोणता आकडा लावू?' असं मला नेहमी विचारलं जातं. पण त्याआधीचा प्रश्न वेगळा आहे: हे ॲप सर्व्हरवर कोणत्या यूजरच्या नावाने चालतंय?

डेबियन आणि उबुंटूवर वेब सर्व्हर 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' नावाच्या यूजरने चालतो. रेड हॅटच्या कुटुंबात अपाचेसाठी 'अपाचे' नावाचा यूजर असतो. उबुंटूवर पीएचपी-एफपीएम इन्स्टॉल केलं की त्याचा तयार मिळणारा पूलसुद्धा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा म्हणूनच चालतो. आणि अपाचेच्या आत मॉड-पीएचपी वापरत असाल, तर सगळ्या साइट्सचा पीएचपी कोड अपाचेच्याच यूजरने चालतो.

याचा परिणाम काय? ब्लॉग आणि नोंदणी फॉर्म दोन्ही एकाच यूजरने चालत असतील, तर लिनक्सच्या दृष्टीने ते एकच आहेत. तुम्ही ६४० लावा, ६०० लावा, काही फरक पडत नाही. फॉर्मला स्वतःचा पासवर्ड वाचता यायला हवा, मग ब्लॉगलाही तो वाचता येणारच, कारण दोघांचं ओळखपत्र एकच आहे. एकाच किल्लीने उघडणाऱ्या दोन खोल्यांना कितीही भारी कुलपं लावली तरी उपयोग काय?

म्हणून आधी यूजर वेगळे करायचे, आकडे नंतर.

## ७७७ का नको?

साइटवर 'परमिशन डिनाइड' आलं की इंटरनेटवर पहिला सल्ला मिळतो: ७७७ करून टाक. एरर जातो हे खरं. पण ७७७ मधला तिसरा ७ इतरांसाठी आहे. म्हणजे सर्व्हरवरच्या कोणत्याही यूजरने त्या फोल्डरमध्ये काहीही लिहावं अशी मोकळीक तुम्ही दिली. बॉट फुटला तरी ब्लॉगमध्ये नवी पीएचपी फाइल टाकता येईल, आणि ती फाइल ब्लॉगच्या हक्कांनी चालेल. आपण घातलेली भिंत इथेच पडते.

गंमत अशी की काही होस्टिंगवर ७७७ केल्याने साइट उलट बंद पडते. अपाचेचं सूएक्झेक हे साधन, ग्रुपला किंवा इतरांना लिहिता येईल असा प्रोग्राम चालवायलाच नकार देतं. समोर येतो ५०० एरर. तो बिघाड नाही, सुरक्षेची सोय आहे.

## तीन ॲप्सची मांडणी, पायरी पायरीने

माझी पद्धत सांगतो. ॲप्स तीन: 'ब्लॉग' (वर्डप्रेस), 'नोंदणी' (लारावेल) आणि 'बॉट' (पायथन).

१. प्रत्येकासाठी यूजर. 'ॲडयूजर' कमांडला सिस्टीम आणि ग्रुप हे पर्याय देऊन ब्लॉग, नोंदणी आणि बॉट असे तीन यूजर बनवा. प्रत्येकाचा त्याच नावाचा ग्रुपही तयार होतो. हे यूजर लॉगिनसाठी नाहीत, फक्त ॲप चालवण्यासाठी आहेत.

२. प्रत्येक पीएचपी ॲपला स्वतःचा पूल. एफपीएमच्या सेटिंगमध्ये 'पूल डॉट डी' नावाचं फोल्डर असतं. तिथल्या तयार फाइलची प्रत काढून ब्लॉगसाठी एक आणि नोंदणीसाठी एक अशा दोन फायली करा. प्रत्येकीत पूलचं नाव, यूजर, ग्रुप आणि सॉकेटचा पत्ता बदला. सॉकेटचा मालक मात्र डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच ठेवा, कारण एनजिनएक्सला त्या सॉकेटपर्यंत पोचायचं असतं. मग एनजिनएक्समध्ये प्रत्येक साइटला तिच्या सॉकेटचा पत्ता द्या. नव्या पूलवर साइट नीट चालली की जुना तयार पूल बंद करा.

३. बॉटसाठी सर्व्हिस. सिस्टमडीच्या सर्व्हिस फाइलमध्ये यूजर या ओळीत 'बॉट' लिहा. ही ओळ नसेल तर सर्व्हिस रूट म्हणून चालते, आणि रूटला पर्मिशन अडवत नाही.

४. मालकी. ब्लॉगचं फोल्डर ब्लॉग यूजर आणि ब्लॉग ग्रुपच्या नावावर करा. नोंदणी आणि बॉटचंही तसंच.

५. आकडे. फोल्डर ७५०, फायली ६४०. सगळ्यांवर एकदम एकच आकडा मारू नका. सगळं ६४० केलं तर फोल्डरमधून पुढे जायचा हक्कच जातो आणि साइट बंद पडते. सगळं ७५० केलं तर प्रत्येक फोटोला उगाच चालवायचा हक्क मिळतो. 'फाइंड' कमांडमध्ये टाइप डी म्हणजे फोल्डर आणि टाइप एफ म्हणजे फाइल. दोन वेगळ्या कमांड द्या. पायथनच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये चालवायच्या फायली असतात, त्यामुळे बॉटच्या त्या फोल्डरला फाइल्सवाली कमांड लावू नका.

६. वेब सर्व्हरला आत येऊ द्या. फोटो, सीएसएस अशा फायली एनजिनएक्स स्वतः वाचतो. म्हणून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाला ब्लॉग आणि नोंदणी या ग्रुपमध्ये घाला ('यूजरमॉड'ला 'ए' आणि 'जी' हे पर्याय, त्यातला जी कॅपिटल) आणि एनजिनएक्स रीस्टार्ट करा. 'ए' विसरलात तर त्या यूजरचे आधीचे जादा ग्रुप जातात, तेवढं सांभाळा. बॉटला वेबशी काही देणंघेणं नाही, त्याच्या ग्रुपमध्ये कोणालाच घालू नका.

इथे एक धोका आहे. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा आता दोन्ही घरांत वाचू शकतो. म्हणून त्या यूजरने कोणतंही ॲप चालता कामा नये. दुसऱ्या पायरीत जुना पूल बंद करायला सांगितला तो याचसाठी.

७. पासवर्डच्या फायली. वर्डप्रेसची 'डब्ल्यूपी-कॉन्फिग' आणि लारावेलची 'डॉट ईएनव्ही' यांत डेटाबेसचा पासवर्ड असतो. एनजिनएक्सला त्या वाचायची गरज नाही. मालक ॲपचा यूजर आणि आकडा ४००.

८. पीएचपीचा ओपकॅश. हे फार ठिकाणी लिहिलेलं नसतं. एकाच एफपीएमखालचे सगळे पूल कोडची एकच कॅश वापरतात. एका ॲपची कॅश झालेली फाइल दुसऱ्याला मिळू नये म्हणून 'पीएचपी डॉट आयएनआय'मध्ये 'ओपकॅश डॉट व्हॅलिडेट पर्मिशन' (शेवटच्या दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर) हे सेटिंग १ करा. ते मुळात बंद असतं.

## ॲपला स्वतःचा कोड बदलता यावा का?

वरच्या मांडणीत ब्लॉग यूजर स्वतःच्या कोडचा मालक आहे. फायदा असा की वर्डप्रेस डॅशबोर्डवरून अपडेट होतं. तोटा असा की आत शिरलेला माणूसही कोड बदलू शकतो.

लारावेलमध्ये हे टाळणं सोपं आहे. त्याला लिहायला फक्त 'स्टोरेज' आणि 'बूटस्ट्रॅप'मधलं 'कॅश' ही फोल्डरं लागतात. बाकी कोड तुमच्या लॉगिन यूजरच्या मालकीचा ठेवा, ग्रुप नोंदणी, फायली ६४०. मग ॲप कोड वाचेल, पण बदलू शकणार नाही. ती दोन फोल्डरं आणि 'डॉट ईएनव्ही' मात्र नोंदणी यूजरच्याच नावावर राहू द्या.

वर्डप्रेसच्या बाबतीत माझं मत असं: नियमित सर्व्हरवर जाऊन अपडेट करणार असाल तरच कोड बंद करा. नाहीतर आपोआप अपडेट होऊ देणंच बरं, कारण जुनं प्लगइन हा जास्त मोठा धोका आहे. फक्त 'अपलोड्स' फोल्डरमध्ये पीएचपी चालू नये असा नियम एनजिनएक्समध्ये टाका.

## आता खरी परीक्षा

आकडे बघून समाधान मानू नका. दुसऱ्या ॲपच्या यूजरच्या भूमिकेत जाऊन बघा. 'सुडो -यू ब्लॉग' लिहा, पुढे 'कॅट' आणि मग नोंदणीच्या डॉट ईएनव्ही फाइलचा पूर्ण पत्ता. उत्तर 'परमिशन डिनाइड' आलं तर तुम्ही पास. एरवी त्रास देणारा हाच एरर इथे हवा आहे.

हीच परीक्षा उलट्या दिशेने आणि बॉटसाठीही करा. तीन ॲप्स म्हणजे सहा तपासण्या, पाच मिनिटांचं काम. शेवटी 'पीएस ऑक्स' (स्पेलिंग ए-यू-एक्स) कमांड देऊन पहिल्या रकान्यात प्रत्येक ॲपसमोर त्याचाच यूजर दिसतोय ना, ते बघा.

## नेहमी येणाऱ्या अडचणी

४०३ एरर: एनजिनएक्सला फाइलपर्यंत पोचता येत नाही. बऱ्याचदा फाइल बरोबर असते, पण वरच्या एखाद्या फोल्डरला चालवायचा हक्क नसतो. 'नेमआय -एल' कमांडला पूर्ण पत्ता दिला की प्रत्येक पायरीचा मालक आणि हक्क दिसतात. साइट होम फोल्डरमध्ये ठेवली असेल तर हे हमखास होतं, कारण उबुंटू २१.०४ पासून नवीन होम फोल्डर ७५० असतात.

५०२ एरर: सॉकेटचा मालक तपासा. एनजिनएक्सच्या एरर लॉगमध्ये तिथेही 'परमिशन डिनाइड' दिसेल. ते नसेल तर तो पूल चालू आहे का ते बघा.

काल चालत होतं, आज ५०० येतंय: कोणीतरी रूट म्हणून लारावेलची कमांड चालवली असेल. मग लॉग फाइल रूटच्या नावावर तयार होते आणि ॲपला त्यात लिहिता येत नाही. ॲपच्या कमांड 'सुडो -यू'ने ॲपच्याच यूजरकडून चालवा. कोड बाहेर काढला असेल तर तो बदलणारी कमांड मात्र तुमच्या लॉगिन यूजरने.

आकडे बरोबर, तरी नकार: रेड हॅटच्या कुटुंबातल्या सर्व्हरवर एसईलिनक्सचा वेगळा पहारा असतो. तो बंद करून टाकू नका, फोल्डरला योग्य लेबल द्या.

एसएसएच की नाकारली जाते: खासगी की इतरांना वाचता येत असेल तर ओपनएसएसएच ती वापरतच नाही. ६०० करा. टर्मक्समधून लॉगिन करणाऱ्यांनी की टर्मक्सच्या होममध्येच ठेवावी, फोनच्या शेअर्ड स्टोरेजवर हे आकडे लागू होत नाहीत.

## सी-पॅनलवाल्या होस्टिंगचं काय?

तिथे साधारणपणे प्रत्येक ग्राहकाला स्वतःचा यूजर असतो, त्यामुळे शेजारच्या ग्राहकापासून तुम्ही वेगळे असता. पण तुमच्याच अकाउंटमध्ये पाच डोमेन जोडली असतील तर पाचही साइट्स त्याच एका यूजरने चालतात. त्यांच्यात भिंत घालणारा कोणताही आकडा नाही. म्हणून लोकांची माहिती गोळा करणारी साइट वेगळ्या अकाउंटवर ठेवा आणि प्रयोगाची साइट तिच्या शेजारी नकोच.

## काही प्रश्न आणि उत्तरं

दोन मित्र मिळून कोड टाकतो, काय करावं?
दोघांना एका ग्रुपमध्ये घ्या आणि कोडच्या फोल्डरला सेटजीआयडी बिट लावा, म्हणजे २७७०. आत तयार होणारी नवीन फाइल आपोआप फोल्डरचा ग्रुप घेते. त्या ग्रुपला लिहिता यावं म्हणून यूमास्क ००७ ठेवा. मात्र ॲपचा यूजर या ग्रुपमध्ये नको. त्याला आणि एनजिनएक्सला फक्त वाचू देण्यासाठी एसीएल वापरा, त्याची कमांड 'सेटएफएसीएल'. ती लावल्यावर 'एलएस -एल'मध्ये हक्कांच्या शेवटी अधिकची खूण दिसते.

डॉकर वापरतो, मग हे लागू आहे का?
हो. बाहेरचं फोल्डर कंटेनरला जोडलं की नाव नाही, नंबर बघितला जातो. डेबियनमध्ये डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाचा नंबर ३३ आहे, अल्पाइनवर बनलेल्या अधिकृत पीएचपी इमेजमध्ये ८२. नाव तेच, पण यूजर वेगळा.

एवढं केलं की साइट हॅक होणार नाही?
असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. फुटलेलं ॲप फुटणारच आणि त्याचा स्वतःचा डेटा जाणारच. पर्मिशन्स नुकसान त्या एका ॲपपुरतं ठेवतात. तेही डेटाबेसमध्ये प्रत्येक ॲपला वेगळा यूजर असेल आणि त्याला फक्त स्वतःच्याच डेटाबेसचा हक्क असेल तर. तीनही ॲप्स डेटाबेसच्या रूट पासवर्डने जोडलेली असतील, तर ही सगळी मेहनत वाया.

बॅकअप कुठे ठेवू?
साइटच्या फोल्डरमध्ये तर नक्कीच नको. वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, मालक रूट, फोल्डर ७००, फायली ६००. नोंदणीची सगळी यादी बॅकअपच्या त्या एका फाइलमध्ये असते. ती ६४४ राहिली तर सर्व्हरवरच्या कोणालाही वाचता येईल, आणि आधीच्या आठ पायऱ्यांना काही अर्थ उरणार नाही.